रुवेही म्हणजे काय?

अर्थ नसलेल्या नावाची कथा साताऱ्यापासून सांगलीपर्यंत निरनिराळ्या पाठांत सांगितली जाते. कोरेगावच्या पाठात बाळाचे आजोबा नावाचा अर्थ विचारतात, वडील तो मोबाइलवर शोधू लागतात, पण रेंज नसते. आजोबा म्हणतात, "मग रेंज येईस्तवर म्या बाळ्या म्हनतो." मुलगा आता दहावीला आहे आणि अजून बाळ्याच आहे! आष्ट्याच्या पाठात बापाने लेकीच्या नावाने कापडाचे दुकान काढलेले असते. गिऱ्हाईक पाटीकडे बघत अर्थ विचारते, तेव्हा बाप म्हणतो, "अर्थाचं काय घेऊन बसलाय? सेल लागलाय, आत या!"

पाठ बदलतो, गाव बदलते, पण सांगणाऱ्याची शपथ बदलत नाही: "मॅडम, बाळ मी ह्या डोळ्यांनी बघितलंय!" बाळ सर्वांनी पाहिलेले असते, पत्ता मात्र कोणाकडेच नसतो.

मी इस्लामपूरच्या एका महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवते आणि पाळणे, बारशाची गाणी गोळा करते. त्यामुळे असले किस्से माझ्याकडे न बोलावता येतात आणि साठत जातात. पुढचे किस्से मात्र आमच्याच स्टाफरूमच्या आसपासचे आहेत, आणि त्यांतल्या बाळाचा पत्ता मला ठाऊक आहे. ते बसस्टँडच्या मागे पहिल्या मजल्यावर राहते आणि सध्या रांगते.

*

प्रशांत आमच्या कार्यालयात आहे. घर आटपाडीकडचे, दुष्काळी पट्ट्यातले; बापजादे मेंढरांमागे फिरलेले. त्याची बायको अमृता वाईची, आमच्याकडेच कॉम्प्युटर शिकवते. मुलगी झाली तेव्हा प्रशांत पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला.

"मुलगी ना रे? मग बर्फी आणायची!" कोणीतरी म्हणाले.

"ते जुनं झालं सर. आमच्यात पेढेच."

"बरं, नाव काय ठरलं?"

"रुवेही."

पेढ्याकडे निघालेले हात जागच्या जागी थांबले.

"म्हणजे काय?"

प्रशांतने दाराकडे बघितले, पंख्याकडे बघितले आणि शेवटी प्रामाणिकपणे म्हणाला, "म्हणजे... रुवेही."

या नावाला हसणे सोपे आहे. त्याची घडण तपासली, तर हसू जरा आवरते. वळण वैदेहीचे, व्यंजने सगळी मऊ, शेवटी लांबवता येईल असा स्वर, म्हणजे जिन्यातून हाक मारायला सोयीचा. शिवाय हे नाव गाव सांगत नाही, जात सांगत नाही, बापाने काय राखले हे सांगत नाही. प्रशांतच्या शब्दांत, "आमच्या घरातली नावं ऐकली की लोक पुढचं विचारायचेच नाहीत मॅडम. त्यांना सगळं कळलेलं असायचं." ज्याच्या नावावरून आयुष्यभर सगळ्यांना सगळे कळत आले, त्याला लेकीच्या नावावरून कोणाला काही कळू नये असे वाटले, तर ते मला चुकीचे वाटत नाही.

*

आमच्या सुनंदाबाई संस्कृत शिकवतात. कोणीही कोणतेही नाव घेऊन यावे, बाई दोन घोट चहात अर्थ काढून देतात. भूगोलाच्या सरांच्या नातवाला त्यांनी "सूर्याचे पहिले पाऊल" असा अर्थ दिला. पुढच्या महिन्यात ग्रंथपालांच्या भाचीला तोच दिला. मग कँटीनवाल्याच्या मुलालाही तोच!

"सुनंदाबाई, अहो हा सूर्य पाऊल टाकतोय की मॉर्निंग वॉकला निघालाय?" भूगोलाच्या सरांनी विचारले.

बाई मुळीच ओशाळल्या नाहीत. "संस्कृतात धातू भरपूर आहेत हो. प्रयत्न केला की एखादा लागतोच!"

"आणि नाही लागला तर?"

"मग नाव विष्णूचं. तिथे कोणी मोजायला जात नाही."

माझ्या मते बाई करतात ती फसवणूक नव्हे. नव्या दैवताला जुनी आख्यायिका जोडून देणारे लोक प्रत्येक शतकात असतात; त्यांच्यावाचून ते दैवत गावात रुजत नाही. पण 'रुवेही'पाशी बाईंचा चहा निवला तरी धातू सापडेना. "हे नाव कुठेच धरू देत नाही हो!" त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्यात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त होते.

*

नव्या नावांची थट्टा रंगात आली की आमचे निवृत्त हेडक्लार्क दगडूमामा नेहमी गप्प बसतात. अजूनही महिन्यातून एकदा ते कॉलेजात चक्कर टाकतात. त्या दिवशी कोणीतरी त्यांनाच मध्ये ओढले.

"मामा, तुमचं बरंय. तुमच्या नावाचा अर्थ कोणाला विचारायला नको!"

मामा हसले. "माझ्या आधीची तीन भावंडं गेली. आईनं मला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, आणि म्हणाली, हा काय माझा न्हवं, दगूड हाय. यमानं बघितलं आणि खरं मानलं."

आमचे पडलेले चेहरे मामांना आवडले नसावेत.

"यम फसला त्याचं काय नाय वो," ते म्हणाले. "आता पेन्शन देणारे फसल्यात!"

दगडू, धोंडू, केराबा ही नावे अशी आहेत. नाव जितके टाकाऊ, तितका जीव प्रिय. कोशात पाहिले तर या नावांचा अर्थ मिळतो. ती कशासाठी ठेवली हे मात्र तिथे मिळत नाही.

*

प्रशांतचे वडील, तात्या, नात बघायला आटपाडीहून आले तेव्हा मीही तिथे होते. डोक्याला तांबडा फेटा. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो दारातून वाकवून आत आणावा लागला. खोलीभर लोक होते. शेजारच्या काकूंनी मुद्दाम विचारले, "तात्या, नातीच्या नावाचा अर्थ काय हो?"

आता म्हातारा भडकणार, असे सर्वांना वाटले. पण तात्या शांतपणे म्हणाले, "आवं, आमी मेंढरांना हाळी घालतो त्या हाळीला तरी कुठं अर्थ आसतो? जीभ टाळ्याला लावून नुसता आवाज काढायचा. पर मेंढरं येत्यात का न्हाई?"

प्रशांतचा चेहरा उजळला. "बघा! तात्यांना पटलं!"

"ते मेंढरांचं झालं," तात्या म्हणाले. "नातीचं नाव हौसाच पायजे!"

हौसाबाई म्हणजे तात्यांची बायको, प्रशांतची आई. दोन वर्षांपूर्वी वारली. गेलेल्या माणसाचे नाव त्यानंतर घरात जन्मणाऱ्या पहिल्या नातवंडाला द्यायचे, म्हणजे ते माणूस परत घरी येते, ही त्यांच्याकडची रीत. तात्यांनी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. फक्त पाळण्यात बोट घालून म्हणाले, "काय गं हौसा, वळाकलंस का?"

बाळाने ते बोट धरले. अमृता उठून आत गेली.

*

दुसऱ्या आठवड्यात अमृता रजेच्या अर्जासाठी कॉलेजात आली, आणि मी तिला कॉम्प्युटर लॅबच्या पायरीवर गाठले. माझी बाजू मी नीट मांडली. म्हटले, हौसा हे चांगले नाव आहे. घरच्यांचे मन राहील. पाळण्यातले एक आणि शाळेतले एक अशी दोन नावे ठेवण्याची सोय तर आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे.

तिने सगळे ऐकून घेतले.

"मॅडम, ही आमची दुसरी. पहिली हौसाआई असतानाच, सातव्या महिन्यात झाली, हे तुम्हाला माहितीय."

मला माहीत होते. ते बाळ तीनच दिवस जगले होते.

"तिचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं. अर्थ बघून. मी स्वतः पुस्तकात बघितलं होतं. अक्षया."

तिने पर्स उघडून अर्ज आत ठेवला.

"आता असं म्हणू नका की नावानं काही होत नाही. मी कॉम्प्युटर शिकवते, मलाही कळतं ते. पण मला अर्थ नको, आणि कोणाचं वापरलेलं नावही नको. हौसाआई लाख चांगल्या होत्या. पण त्या गेल्यात, मॅडम." तिने पर्स बंद केली. "रुवेही नावाचं अजून कुणी मेलेलं नाही."

एवढे बोलून ती उठली आणि तिने सहज आठवल्यासारखे विचारले, "बारशाला येताय ना? केकही आहे आणि घुगऱ्याही!"

*

आता नकुसाआक्का. ही प्रशांतची मोठी बहीण. आष्ट्याला दिलेली, म्हशी नि तोंड दोन्ही जोरात. चार मुलींमधली ही चौथी. हिच्यानंतर मुलगी नको म्हणून हिचे नाव नकुसा ठेवले आणि हिच्या पाठीवर प्रशांत झाला. आमच्या भागात या नावाच्या बायका गावोगाव भेटतात. आता पुष्कळ जणींनी ते बदलून घेतले आहे. आक्काने बदललेले नाही. "मतदानाला लाईनीत नाव पुकारलं की सगळी वळून बघत्यात. बघंनात का!" असे ती म्हणते.

रीतीप्रमाणे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आई-बापांनी हवे ते ठरवावे, बॅनर छापावा, ग्रुपवर टाकावे. आत्या पाळण्यावर वाकून कानात सांगत नाही तोवर ते नाव बाळाला लागत नाही. म्हणजे सगळा मामला आक्काच्या हातात होता, आणि तिने घरात आधीच सांगून टाकले होते, "म्या हौसाच सांगनार." त्यावर अमृताने प्रशांतला बजावले होते की तसे झाले तर बाळाला उचलून मी वाईला निघून जाईन. प्रशांत दोन्हीकडे मान डोलवत होता.

बारशाच्या चार दिवस आधी आक्का पिशवीभर शेंगा घेऊन माझ्याच दारात!

"बाई, तुमी नावांचं शिकीवता म्हनं."

"थोडंफार."

"मग त्या नावाचा आर्थ काढून द्या. पर खरा. त्या सौंस्कृतच्या बाई सांगत्यात तसला नगं. परशांत म्हनतो, त्या समद्यांस्नी येकच सांगत्यात."

"आक्का, अर्थ कळला तर हे नाव सांगाल कानात?"

तिने सरळ उत्तर दिले नाही. शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत ती बोलू लागली.

"म्या चौथीत हुते. गुरुजींनी येकेकाला उठवून नावाचा आर्थ इचारला. सुमन म्हंजी फूल. कमल म्हंजी कमळ. माजी पाळी आली. म्या काय सांगू? मला वाटायचं, आसंल कायतर द्येवीचं नाव. गुरुजी म्हनले, तुजा आर्थ सांगायला नगं, समद्यांस्नी म्हाईत हाय. समदा वर्ग हासला. म्या बी हासले, बाई. घरी ईऊन आयला इचारलं तवा कळालं, कशाला हासले त्ये."

"मग आई काय म्हणाली?"

"रडली. तिचं नाव हौसा. हौसंनं झालेली. म्हनून म्या म्हनते, त्येच ठिवा. त्येचा आर्थ म्हाईत हाय, आन् चांगला हाय." तिने टरफले ओंजळीत गोळा केली. "ह्या नव्या नावात काय दडलंय कुनाला ठावं? उद्या पोरगी साळंत उभी ऱ्हाईल आन् कुनीतर सांगंल, बाई गं, तुज्या नावाचा आर्थ आसा आसा. तवा आत्यानं कानात सांगितलं हुतं म्हनंल ती. म्या न्हाई सांगायची!"

जाताना जिन्यातून तिने वर बघितले. "खोटं सांगू नगा हां. मला कळतं."

*

मग मी चार दिवस त्या नावामागे लागले. मराठी कोश पाहिले, संस्कृत पाहिले. जतकडच्या एका सहकाऱ्याच्या घरी कानडी बोलतात. त्याने आईला, आईने तिच्या भावाला विचारले. फारसीच्या एका जाणकाराला फोन केला. शिवी निघते का, शाप निघतो का, एखाद्या बोलीत रोगराईचे नाव आहे का, हेही पाहिले, कारण आक्काचा खरा प्रश्न तो होता. काहीही नाही. सगळ्या दारांवर टकटक झाली आणि आतून कोणी ओ दिली नाही.

"तुम्ही उगाच त्रास करून घेताय," सुनंदाबाई म्हणाल्या. "सांगून टाका, 'प्रकाशाची वाट'. आत्या खूश, आई खूश, केक कापायला मोकळ्या!"

"पण बाई, तो अर्थ नाही ना."

"आज नाही. तुम्ही सांगितलात की उद्यापासून होईल. तुमच्याच शास्त्रात बसतं ते!"

दुर्दैवाने ते खरोखरच आमच्या शास्त्रात बसते. लोकांनी मानलेला अर्थ हाही अर्थच असतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. बारशाला निघेपर्यंत माझे नक्की होत नव्हते.

*

बारसे फ्लॅटमध्येच होते. भिंतीवर फुगे, त्याखाली 'वेलकम रुवेही' असा चकचकीत बॅनर, आणि बॅनरखाली आटपाडीहून आलेल्या बायका पाटाला हळदकुंकू लावत बसलेल्या. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देऊन झाले. गाणे झाले. अमृता पाळण्याची दोरी धरून उभी होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. प्रवासाची बॅग आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हते.

"आत्या, चला! नाव सांगा!" बायका ओरडल्या. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला त्या बाह्या सावरून तयारच होत्या.

आक्का जागची हलली नाही.

"थांबा जरा. बाई आल्यात न्हवं?" तिने गर्दीतून मला शोधले. "बाई, सापडला का आर्थ?"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. सुनंदाबाई मागून हळूच म्हणाल्या, "प्रकाशाची वाट!"

मी म्हटले, "नाही आक्का. सापडला नाही."

"मराठीत?"

"नाही."

"कानडीत?"

"विचारलं. नाही."

"पोथ्यापुरानात?"

"कुठेच नाही."

"आवं, म्हंजी तुमाला गावला न्हाई, का न्हाईच?"

"मला वाटतं, नाहीच."

प्रशांत घाईने मध्ये पडला. "आक्के, पण छान वाटतं ना ऐकायला? नेटवर बघ, लोक—"

"तू गप रं." आक्काने त्याच्याकडे बघितलेही नाही. "बाई, चांगला आर्थ न्हाई. बरं. वाईट?"

"वाईटही नाही."

"जरासा बी?"

"जरासाही नाही."

"उद्या कुनी नवा शाना काढंल का?"

"काढलाच, तर तो त्याचा असेल. नावाचा नसेल."

दारात तात्या फेटा काढून उभे होते. अमृताने दोरी सोडली नाही, मान वर केली नाही. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला.

"म्हंजी रिकामं हाय," आक्का म्हणाली.

"हो."

आक्का उठली. मोरीत जाऊन तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसले, आणि बायकांना बाजूला सारत पाळण्यापाशी आली. अमृताच्या हातातली दोरी तिने हळूच आपल्या हातात घेतली. मग वाकून, बाळाच्या कानावर पदराचा आडोसा धरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "कुर्रर्र... रुवेही!"

मागून बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले.